डावा कान

२०२१च्या पावसाळ्यात आमच्या दिग्रसच्या घरातल्या समोरच्या खोलीची खिडकी पुतणीच्या ताब्यात होती. खिडकीला आतून हातभर रुंदीचा शहाबादी फरशीचा कट्टा आहे. कट्ट्यावर लॅपटॉप, बाजूला वही, आणि स्टुलावर एक पाय दुमडून बसलेली ती. बारावीचं वर्ष, कॉलेजला कुलूप, तास सगळे ऑनलाइन. सर आली की गजांमधून तुषार आत यायचे. ती ओढणीचं टोक लॅपटॉपवर धरायची, पण जागेवरून हलायची नाही. हलून उपयोगच नव्हता. खिडकीच्या वरच्या फळीवर राउटर होता आणि तो लॅपटॉप राउटरच्या थेट खालीच चालायचा. चार पावलांवरच्या खाटेवर नेला की कोपऱ्यातल्या वाय-फायच्या रेघा एकेक करून विझायच्या, शिकवणाऱ्या बाईंचा आवाज तुटायचा, चेहरा थिजायचा, आणि मग पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं.

"काका, हे कट्ट्यावरच चालते. खाटीवर घेतलं का गेलंच."

तिचा मोबाइल मात्र परसातल्या पेरूखालीसुद्धा भरल्या रेघांनी चालायचा. घर तेच, राउटर तोच.

दोन महिन्यांत तिनं हे मान्य करून टाकलं होतं, आणि मला तेच बोचत होतं. गैरसोय अंगवळणी पडायला आमच्या भागात वेळ लागत नाही. शेतीची लाइन आठवड्यातले काही दिवस रात्री येते, म्हणून माणसं बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून रात्रीची ओलिताला जातात, आणि काही वर्षांनी त्याला गैरसोय म्हणायचंही सोडून देतात. सतरा वर्षांच्या मुलीनं तसंच खिडकीशी जुळवून घेतलेलं मला बघवेना.

लॅपटॉप जुना होता, भावानं नागपुरातून सेकंडहँड आणलेला. चार जीबी रॅम. विंडोज सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा, म्हणून मी त्यात लिनक्स मिंट टाकलं होतं आणि तेव्हापासून तो चांगला पळत होता. वाय-फाय रुसल्यावर सगळ्यांचं बोट लिनक्सकडे गेलं. ओळखीचे म्हणाले, परत विंडोज टाका. जिल्ह्याच्या गावी एका दुरुस्तीवाल्यानं झाकण न उघडताच सांगितलं की वाय-फायचं कार्ड गेलं, नवीन बसवा. कार्ड गेलं असतं तर ते कट्ट्यावर तरी कसं चाललं असतं? जे एका जागी चालतं आणि दुसऱ्या जागी चालत नाही ते मेलेलं नसतं, कुठंतरी अडलेलं असतं. हे मला बाबांनी शिकवलं होतं, आणि बाबांनी आयुष्यात लॅपटॉपला हात लावला नव्हता.

बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. दिग्रसच्या भोवती सगळी काळी माती. खरिपात कापूस, तूर, सोयाबीन. अरुणावती धरणाचं पाणी पोचतं तिथं आणि विहिरीवाल्यांकडे रब्बीत गहू-हरभरा. रात्रीच्या लाइनीला दाब कमी, त्यात मोटरी जळायच्या. सकाळी दुकानासमोर बैलगाडीतून, सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून आणलेल्या मोटरी उतरायच्या, आणि जळक्या वार्निशचा वास दुपारपर्यंत गल्लीत राहायचा. बाबांचा उजवा कान लहानपणी सारखा फुटायचा, पुढे त्या कानानं ऐकू येणंच गेलं. डावा मात्र तल्लख. चालू मोटरच्या बेअरिंगवर ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ डाव्या कानापुढच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. शेतकरी गप्प, मी गप्प. मग ते सांगायचे, बेअरिंग गेलंय, की बुश झिजलाय, की नुसता पंखा जाळीला घासतोय. पंखा घासत असला तर पैसे घ्यायचे नाहीत. जाळी हातानं दाबून सरळ करायची आणि मोटर परत गाडीत.

दुकानात त्यांचे दोन नेम होते. जळालेली कॉइल कापण्याआधी तिचे वेढे मोजायचे आणि वहीत लिहायचे. गाव, किती एचपी, वेढे, तारेचा गेज. दुसरा नेम ते मला वारंवार सांगायचे. "दोन गोष्टी एकसंगं बदलवल्या, तं कायनं सुधरली ते तुले कधीच समजनार नाई."

दुकानात आलेला नवखा माणूस नेमका त्यांच्या उजव्या अंगाला उभा राहून बोलायचा. बाबा मान वर करायचे नाहीत. माणूस तणतणत जायचा, म्हातारा ताठ आहे म्हणून. आम्ही घरातले सगळे आपोआप वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला जायचो. पुतणी तर रांगायची तेव्हापासून डावीकडूनच त्यांच्या मांडीवर चढायची. २०१४ला ते गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती.

लॅपटॉप कुठं अडला होता ते कळायला आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगायला हवं. ड्रायव्हर म्हटलं की आमच्याकडे एसटीचा ड्रायव्हर डोळ्यांपुढे येतो. संगणकातला ड्रायव्हर निराळा. मला त्याच्यासाठी दुभाषी हा शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण दुभाषी मी लहानपणापासून बाजारात पाहिलेत. दिग्रसच्या आसपास बंजारा समाजाचे तांडे आहेत, संत सेवालाल महाराजांची पोहरादेवी इथून जवळ आहे. तांड्यावरून आलेली म्हातारी गोरमाटीत बोलते, कापडवाला उर्दूत, शेजारी उभा असलेला गिऱ्हाईक वऱ्हाडीत. या तिन्ही भाषा येणारा एखादा नोकर ज्या दुकानात असतो तिथं गर्दी असते. तो आजारी पडला तर कापड तेच, पैसे तेच, पण सौदा होत नाही. म्हातारी बोट दाखवत राहते, दुकानदार मान हलवत राहतो.

लॅपटॉपमध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, हा दुकानदार समजा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं तो १९९१मध्ये लिहायला घेतला आणि त्यानंतर जगभरच्या हजारो हातांनी तो वाढवला. वाय-फायची चिप ही तांड्यावरची म्हातारी. तिला फक्त आकडे कळतात. अमुक खान्यात अमुक आकडा ठेवला की ती ऐकू लागते, तमुक खान्यात दुसरा ठेवला की बोलू लागते. कोणता खाना आणि कोणता आकडा हे सांगणारी पुस्तिका चिप बनवणाऱ्या कंपनीकडे असते. विंडोजसाठी दुभाषी कंपनी स्वतःच तयार करून द्यायची. लिनक्ससाठी पुष्कळ कंपन्यांनी कित्येक वर्षं दुभाषीही दिला नाही आणि पुस्तिकाही दिली नाही. मग कोणीतरी पुस्तिकेवाचून ती भाषा शिकणं भाग होतं.

कशी शिकले, ही गोष्ट मला एखाद्या वीरकथेसारखी वाटते. बैलबाजारात रुमालाखाली सौदा होतो ते आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. दोघं हातात हात देतात, वर रुमाल, आत बोटं दाबली जातात, बाहेर एक शब्द नाही. त्या बोटांची भाषा शिकायची असेल आणि कोणी शिकवायला तयार नसेल, तर बाजारात दिवसचे दिवस उभं राहायचं. कोणता बैल, हात किती वेळ हलला, शेवटी किती पैसे मोजले गेले, हे टिपत राहायचं. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिप त्या काळी असंख्य लॅपटॉपांत असत आणि लिनक्ससाठी त्यांचा खुला ड्रायव्हर नव्हता. काही स्वयंसेवकांनी हे काम अंगावर घेतलं आणि स्वतःचे दोन गट केले. एका गटानं बाजारात उभं राहायचं, म्हणजे कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलून तो चिपला काय सांगतो ते साध्या भाषेत लिहून काढायचं. दुसऱ्या गटानं मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न पाहता फक्त त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर रचायचा. कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून ही भिंत त्यांनी आपल्यातच उभी केली होती. २००६मध्ये तो ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये दाखल झाला. २०१०च्या सप्टेंबरात ब्रॉडकॉमनं स्वतःच आपल्या नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. अथेरॉसनं त्याआधी २००८मध्येच दिला होता. दार आतून उघडलं गेलं खरं, पण बाहेर कोणी इतकी वर्षं थाप देत उभं नसतं तर ते उघडलं असतं असं मला वाटत नाही.

माझी या सगळ्याशी गाठ २००८मध्ये पडली. उबुंटूवाले तेव्हा मागेल त्याला सीडी टपालानं फुकट पाठवायचे. पोस्टमननं परदेशी शिक्क्याचं ते पाकीट आमच्या दारात दिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. बाबांनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, पैसे किती लागले? एकही नाही म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सीडी चालली, लॅपटॉप उठला, पण वाय-फाय नाही. त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यायचा, आणि इंटरनेटसाठी तर ड्रायव्हर हवा. मी पेन ड्राइव्ह खिशात टाकून गावातल्या सायबर कॅफेत गेलो, फाइली आणल्या, एक राहिली म्हणून पुन्हा गेलो. त्या आठवड्यात माझ्या पाच खेपा झाल्या. हा फेरा किती जणांनी घातला असेल याला गणती नाही. डेबियन हे लिनक्सचं फार जुनं आणि तत्त्वाला चिकटून राहणारं रूप. जे खुलं नाही ते आपल्या अधिकृत सीडीत घालायचं नाही असा त्यांचा दंडक होता. २०२२मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि चिपना लागणारं बंद फर्मवेअर (चिपमध्येच चालणारा कंपनीचा प्रोग्राम) सीडीतच द्यायचं ठरवलं, २०२३च्या जूनमधल्या बाराव्या आवृत्तीपासून ते मिळू लागलं. तत्त्व सोडलं असं काहींना वाटलं. मला त्या मतदानात सायबर कॅफेच्या पाच खेपा दिसल्या आणि मी त्यांच्या बाजूनं आहे.

तर २०२१चा तो रविवार. मी पुतणीला म्हटलं, आज कट्ट्यावर बसायचं नाही, आज आपण या लॅपटॉपचं ऐकायचं. कपाटातून बाबांची वही काढली. तिच्यातली मागची चाळीसेक पानं कोरी होती. पेन तिच्या हातात दिला.

पहिला प्रश्न सगळ्यात साधा. रेडिओ चालू आहे का? कित्येक लॅपटॉपांवर वाय-फाय बंद करण्याचं बटण असतं, चुकून हात लागतो आणि माणूस आठवडाभर ड्रायव्हर शोधत बसतो. 'आरएफकिल' अशी आज्ञा दिली की ते कळतं. चालू होता. दुसरा प्रश्न, कार्ड दिसतं का आणि त्याचा ताबा कोणत्या ड्रायव्हरकडे आहे? 'एलएसपीसीआय'नं दोन्ही नावं सांगितली. तिनं लिहून घेतली. मग 'डीमेसेज'. लिनक्सचा कर्नेल चालू झाल्या क्षणापासून आपली रोजनिशी लिहीत असतो, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतच्या वेळेनिशी. लोक हिला घाबरतात, कारण पडदाभर इंग्रजी ओळी धावतात. मी पुतणीला एकच युक्ती सांगितली. वाय-फाय तुटू दे, आणि मग शेवटच्या दहा ओळी वाच.

तिनं लॅपटॉप खाटेवर नेला. तुटलं. तिनं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. राउटरनं आपला संबंध तोडलाय, कारण क्रमांक ४. चारचा अर्थ शोधला. समोरून काही हालचाल नाही म्हणून.

"म्हंजे काका, लॅपटॉप बोलून रायला, पन राउटरले ऐकूच नाई येऊन रायलं?"

तिचं अनुमान बरोबर होतं. पण बाबांच्या नेमानं आधी सोपा संशय फेडायला हवा. वीज वाचवायला वाय-फायचं कार्ड मधूनमधून डुलकी घेतं, आणि काही कार्डं त्या डुलकीतून नीट जागी होत नाहीत. नेटवर्क मॅनेजरच्या एका फाइलीत तीनच्या जागी दोन लिहिलं की डुलकी बंद. तिनं दोन लिहिलं. फरक नाही. मग पुन्हा तीन लिहून ती फाइल होती तशी केली. तिला हे जिवावर आलं, राहू द्या ना दोन म्हणाली. मी राहू दिलं नाही.

मग मोजमाप. सिग्नल डेसिबलमध्ये मोजतात आणि तो नेहमी उणे असतो. उणे चाळीस म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं, उणे ऐंशी म्हणजे नदीपलीकडून आलेली हाक. खाटेवर मोबाइल उणे पंचेचाळीस दाखवत होता आणि त्याच खाटेवर लॅपटॉप उणे ब्याऐंशी. एवढी तफावत सॉफ्टवेअरच्या डुलकीनं पडत नाही. झाकण उघडायचं ठरलं.

तळाचे अकरा स्क्रू तिनं स्टीलच्या वाटीत काढून ठेवले. लहान कुठले, लांब कुठले, वहीत त्याचं चित्र. मागचं झाकण नखानं सोडवत गेलो तशी कड्-कड् करत कड निघाली. आत, पंख्याच्या बाजूला, दोन बोटं रुंदीचं हिरवं कार्ड. त्याच्या कडेला सोनेरी रंगाचे दोन मणी, ज्वारीच्या दाण्याहून बारीक. एका मण्यावर काळी, दोऱ्याएवढी वायर टोपी घातल्यासारखी बसलेली. दुसरा मणी उघडा. वायर बिजागरीतून वर पडद्याच्या चौकटीत जात होती, कारण लॅपटॉपचा अँटेना पडद्याच्या कडेला दडवलेला असतो.

"दुसरी वायर निघाली का जी?"

आम्ही बॅटरीच्या उजेडात सगळीकडे शोधली. निघाली नव्हती. ती मुळात बसवलेलीच नव्हती. कार्डाला दोन अँटेनांची सोय होती, बनवणाऱ्यानं एकच लावला होता. त्यात वावगं काही नाही, एका अँटेनावर लॅपटॉप छान चालतो. पण अँटेना कोणत्या मण्यावर आहे हे कार्डाच्या कायमच्या स्मृतीत कारखान्यातच कोरलेलं असतं, आणि तिथं चुकीचा मणी कोरला होता. ड्रायव्हर बिचारा त्या कोरलेल्यावर विश्वास ठेवून रिकाम्या मण्याला कान लावून बसला होता. भरल्या मण्यावरून जे थोडंसं झिरपून येईल तेवढंच त्याला ऐकू येत होतं, आणि तेवढं फक्त कट्ट्यावर येत होतं.

पुतणी कार्डाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबाजीले उजव्याकडून हाका मारल्यासारखंच झालं हे."

मी काही बोललो नाही. मला बोलता आलं नसतं.

वायर नखानं उचलून दुसऱ्या मण्यावर दाबता आली असती. पण त्या नाजूक टोप्या काढघाल सोसत नाहीत, मोजक्या वेळा काढल्या की सैल पडतात. शिवाय त्याची गरज नव्हती. अशा लॅपटॉपांची चूक कोणाच्यातरी आधीच लक्षात आली होती आणि त्यानं ड्रायव्हरमध्येच एक खिटी ठेवून दिली होती, 'अँट-सेल' नावाची. कोरलेलं सोड, मी सांगतो त्या मण्याला कान लाव, एवढाच तिचा अर्थ. एक किंवा दोन. झाकण लावलं. मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये तिनं एका ओळीची फाइल केली, आधी एक लिहिलं, ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवला. उणे ब्याऐंशी. एकाच्या जागी दोन लिहिलं, उतरवला, चढवला.

उणे बेचाळीस.

चाळीस डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत दहा हजार पट. हे मी तिला सांगेपर्यंत ती खाटेवरून उठली होती. लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून ती स्वयंपाकघरात गेली, तिथून मागच्या दारी, तिथून परसात. वहिनी ओरडली, अगं पाऊस येऊन रायला. ती पेरूखाली उभी राहून पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत होती. दुसऱ्या दिवशी तिनं तास खाटेवर, भिंतीला टेकून, पाय लांब करून ऐकले. खिडकी दोन महिन्यांनी पहिल्यांदा पावसात लावून घेतली.

मला राग येतो तो वायरीचा नाही. चुकीचा मणी कोरला गेला, होतं असं कारखान्यात. पण ती चूक कळल्यावर विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला सांगितली नाही, आणि ती निस्तरली ती ज्यांचा त्या विक्रीशी काही संबंध नव्हता अशा माणसांनी. लिनक्सच्या वाय-फाय ड्रायव्हरांचा इतिहास चाळताना अशा माणसांत लॅरी फिंगर हे नाव पुन्हा पुन्हा भेटतं. अमेरिकेतला हा गृहस्थ वयाची साठी ओलांडल्यावर, २००५च्या सुमारास या कामात आला. ब्रॉडकॉमच्या चिपची भाषा उकलण्याच्या खटपटीत तो होता, आणि पुढे स्वस्त लॅपटॉपांत सापडणाऱ्या कितीतरी चिपचे ड्रायव्हर त्यानं वर्षानुवर्षं सांभाळले. कर्नेलमध्ये त्याच्या नावावर दीड हजाराहून जास्त दुरुस्त्या आहेत. ज्या वयात आपल्याकडे माणसाला आता देवाचं नाव घ्या म्हणतात, त्या वयात तो अनोळखी लोकांच्या रोजनिशीतल्या शेवटच्या दहा ओळी वाचत बसायचा. २०२४च्या जूनमध्ये तो वारला. मी ती बातमी पुतणीला फोनवर सांगितली. तिनं विचारलं, त्याला कोणी पैसे द्यायचं का? बाबांनी सीडीचं पाकीट हातात घेऊन विचारलेला प्रश्नच तिनं विचारला आणि उत्तर ऐकून तीही गप्प झाली, पण तिच्या गप्प राहण्यात मला जास्त काही ऐकू आलं, कारण तिनं स्वतः एक ओळ लिहून उणे बेचाळीस पाहिलं होतं.

ती आता अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज दहाचा आधार बंद झाला आणि पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती. ती घरी आली तेव्हा समोरच्या खोलीत चार लॅपटॉप येऊन पडले होते. चांगले चालणारे, पण नवं विंडोज ज्यांना घेत नाही असे. एक सेतू केंद्र चालवणाऱ्या पोराचा, एक दारव्हा रोडवरच्या शेतकऱ्याच्या मुलीचा, एक नर्सबाईंचा. चौथा अमेरिकेतल्या नातेवाइकानं आणून दिलेला. त्याला मालकाच्या घरचं वाय-फाय दिसतच नव्हतं, शेजाऱ्याचं मात्र दिसायचं. तिनं अर्ध्या तासात शोधलं. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तेरापर्यंत चॅनेल वापरतात, अमेरिकेत अकरापर्यंतच. त्या लॅपटॉपला आपण अजून अमेरिकेत आहोत असं वाटत होतं आणि राउटर नेमका तेरावर बसला होता. तिनं राउटर सहावर आणला.

दिवे लावायच्या आधी ती कट्ट्यावर बसून वही लिहीत होती. मी मागून वाचलं. वरच्या अर्ध्या पानावर बाबांचं तिरपं अक्षर, कुठल्याशा गावच्या ५ एचपी मोटरीचे वेढे आणि तारेचा गेज. त्याखाली रेघ मारून तिची नोंद. नर्सबाईंचा लॅपटॉप, चिपचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, आणि पुढे, 'आरएफकिल: बटण बंद होतं. चालू केलं. पैसे घेतले नाहीत.'